कीबोर्डखाली गेलेला रकाना

नाव भरून होतं, गाव-तालुका भरून होतो. शेवटच्या रकान्यावर बोट टेकवलं की कीबोर्ड वर येतो आणि नेमका तोच रकाना झाकून टाकतो. काय उमटतंय ते दिसत नाही, ‘पुढे’चं बटणही त्याच्याच खाली. पुण्यात मोबाइल अ‍ॅप तपासणं हे माझं काम. नवं अ‍ॅप हाती आलं की मी आधी शेवटच्या रकान्यात टाइप करून बघते.

आपल्याला वाटतं कीबोर्ड त्या अ‍ॅपचाच आहे. तसं नसतं, तो वेगळा प्रोग्राम असतो आणि चालू अ‍ॅपवर येऊन बसतो. २००८ सालच्या पहिल्या अँड्रॉइड फोनला सरकवून बाहेर काढायचा बटणांचा कीबोर्ड होता. पडद्यावरचा कीबोर्ड अँड्रॉइडमध्ये २००९ साली आला. जागेची ओढाताण तेव्हापासूनची.

अँड्रॉइडवर तिच्यावर दोन जुने उपाय आहेत. ‘रिसाइझ’मध्ये अ‍ॅपची चौकटच आखूड होते आणि उरलेल्या जागेत फॉर्म वर-खाली सरकवता येतो. ‘पॅन’मध्ये चौकट तेवढीच राहते, अख्खं पान वर ढकललं जातं. पॅन मला पटत नाही. वरचं शीर्षक पडद्याबाहेर जातं आणि खालचं बटण कीबोर्ड मिटल्याशिवाय हाती लागत नाही. आयफोनवर कीबोर्ड येण्याआधी अ‍ॅपला निरोप मिळतो: तो किती जागा घेणार, किती वेळात वर येणार. त्याप्रमाणे मजकूर वर घेणं हे प्रोग्रामरचं काम. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून तिथेही कीबोर्डची नेमकी उंची कळू लागली, आणि २०२१ च्या आयओएस १५ मध्ये रकाना थेट कीबोर्डच्या वरच्या कडेला बांधून ठेवायची सोय आली.

तरीही रकाने झाकले जातात, कारण उंची विचारण्याऐवजी ती गृहीत धरली जाते. मोठ्या फोनवर, इंग्रजी कीबोर्ड लावून एकदा बघितलं की काम झालं, असं मानतात. मराठीत लिहिणाऱ्याच्या कीबोर्डवर शब्द सुचवणारी पट्टी असते, कधी स्वर-मात्रांची जादा ओळ असते. पिन कोडसाठी आकड्यांचा कीबोर्ड येतो, मधेच कोणी इमोजी उघडतं, कोणी इंग्रजीवरून मराठीवर जातं, आणि उघड्या कीबोर्डची उंची बदलते. अ‍ॅपने ती एकदाच मोजून ठेवली असेल तर हिशेब तिथेच चुकतो.

तक्रार लिहायच्या मोठ्या चौकटीत तर आणखी एक गोम आहे. चौकट दिसत राहते, पण चौथ्या-पाचव्या ओळीला कर्सर खाली बुडतो. म्हणून चौकट दिसली एवढ्यावर मी समाधान मानत नाही. कर्सर दिसला पाहिजे.

माझी मावशी फोनवर अक्षरं मोठी करून वापरते. एका अर्जात पत्ता लिहिताना ती दर दोन शब्दांनी कीबोर्ड मिटून, लिहिलेलं बघून, पुन्हा उघडत होती. “माझाच फोन जुना झालाय गं,” म्हणाली. फोन ठीक होता. दोष अ‍ॅपचा होता आणि तो दुरुस्त होण्याजोगा होता, याचा मला आजही राग येतो.

तुमचा रकाना असा झाकला गेला तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये त्याची उंची कमी करता येते का बघा, तात्पुरतं निभावतं. मग अ‍ॅपवाल्यांना कळवा, आणि कळवताना फोनचं मॉडेल, कीबोर्डचं नाव, भाषा आणि अक्षरांचा आकार लिहा. एवढी माहिती मिळाली की तो दोष आम्हाला आमच्या टेबलावर तसाच घडवून बघता येतो.