सूज : पहारेकरी की फितूर?

जखम झाली की सूज येते. ती शरीराने मारलेली मदतीची हाक असते. पण उर्से गावच्या शेतावर राखण करणाऱ्या एखाद्या कुत्र्याला कर्करोगाची गाठ झाली, तर तीच हाक गाठीची ढाल बनू शकते. अनेक गाठी प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे सुजेचे रसायन तयार करतात. त्याने रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी मंदावतात आणि गाठ निवांत वाढते.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात मूत्राशयाचा कर्करोग झालेल्या ३४ कुत्र्यांना पायरॉक्सिकॅम हे सूज उतरवणारे औषध दिले गेले. १९९४ च्या नोंदीनुसार सहा कुत्र्यांच्या गाठी आक्रसल्या वा नाहीशा झाल्या.

म्हणून काही घरातली वेदनाशामक गोळी कुत्र्याला द्यायची नसते. आयबुप्रोफेन त्याचे जठर, मूत्रपिंड बिघडवते. गाठ हाताला लागताच पशुवैद्यांना दाखवावी.