रस्त्यांचीं नांवें आणि लोकांचीं तोंडें

मुंबईच्या चर्चगेट स्थानकावर रोज लाखों माणसें उतरतात; परंतु ज्या दरवाजावरून हें नांव पडलें, तो त्यांपैकीं कोणीहि पाहिलेला नाहीं. सेंट थॉमसच्या प्रार्थनामंदिराकडे जाणारा कोटाचा हा दरवाजा तटाच्या भिंतींबरोबर १८६० नंतरच्या दशकांत पाडला गेला. त्याहून मौज काळ्या घोड्याची. सातव्या एडवर्डाचा अश्वारूढ पुतळा १९६५ सालीं तेथून हलवून राणीच्या बागेंत नेला. पुढें बावन्न वर्षें घोडा नव्हता, तरी जागेचें नांव काळा घोडाच राहिलें. २०१७ सालीं तेथें पुन्हा घोडा उभा राहिला, पण स्वाराविना. नांवानेंच मूर्तीला परत बोलाविलें म्हणावयाचें!

मुद्दाम दिलेल्या नांवांची गत निराळी. हॉर्न्बी हा १७७१ पासून १७८४ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या नांवाच्या रस्त्यास पुढें दादाभाई नवरोजींचें नांव मिळालें. हेतु उत्तमच, पण लोकांच्या तोंडीं त्याचा ‘डी. एन. रोड’ झाला. विठ्ठलभाई पटेल ‘व्ही. पी.’ झाले आणि उपनगरांतील जुन्या घोडबंदर रस्त्यावर स्वामी विवेकानंदांचे ‘एस. व्ही.’ झाले. ज्याच्या स्मरणार्थ पाटी लाविली, त्याचें विस्मरण पाटीनेंच घडवावें, हा न्याय अजब खरा. उलट, २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं संयुक्त महाराष्ट्रासाठीं निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनपाशीं गोळीबार झाला. त्या जागेचें ‘हुतात्मा चौक’ हें नांव मराठी घरांत सहज रुजलें, कारण त्यामागें लोकांचें स्वतःचें दुःख होतें.

तथापि जुन्या नांवाविषयीं हळहळण्यापूर्वीं तें कोणास गोड लागतें, हेंहि पाहिलें पाहिजे. महारवाडा, मांगवाडा अशा वस्तींतील मुलाला आपला पत्ता सांगतांच जात सांगावी लागे. डिसेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र शासनानें जातिवाचक वस्त्यांचीं नांवें बदलण्याचें ठरविलें आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशीं नांवें सुचविलीं. हा निर्णय मुंबईइतकाच वाशीम जिल्ह्यांतील किन्हीराजासारख्या गांवांसहि लागू आहे. येथें मात्र काळ्या घोड्याची ती चिवट लोकस्मृतीच आडवी येते. दप्तरांतलें नांव एका ठरावानें बदलतें. पण परगांवचा पाहुणा वाट विचारूं लागला, म्हणजे पलीकडच्या आळींतला मनुष्य त्यास कोणत्या नांवानें बोट दाखवितो, तें त्या वस्तींतलें मूल दाराशीं उभें राहून ऐकत असतें.