दुकान उघडले, पण गिऱ्हाईक कोठे आहे?

कायम नोकरीच्या जागा कमी होत चालल्या आणि कंत्राटी पद्धत बोकाळली. त्यामुळे आपल्या वस्त्यांमधून धंद्याकडे वळणारे तरुण आणि महिला बचत गट वाढत आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु बुद्धवंदना होऊन थाटात उघडलेली कितीतरी दुकाने वर्षाच्या आत बंद झालेली आम्ही पाहिली आहेत. माल वाईट होता काय? पुष्कळदा तसे नसते. हा माल कोण घेणार, कोणत्या भावाने घेणार आणि तो मिळतो हे त्याला कळणार कसे, याचा विचारच झालेला नसतो. कर्जासाठी लागणारा प्रकल्प अहवाल एजंटाकडून लिहून घेतलेला असतो. त्यात विक्रीचा आकडा काय मांडला आहे, हे खुद्द अर्जदारालाच ठाऊक नसते!

तथागतांचा दुकानदार

धंद्याचे नियोजन हे केवळ मोठ्या कंपन्यांचे काम, असा आपला समज आहे. परंतु अंगुत्तर निकायात ‘पापणिक सुत्त’ आहे. पापणिक म्हणजे दुकानदार. भिक्खूंना उपदेश करताना तथागतांनी दुकानदाराचाच दाखला दिला. जो सकाळी, दुपारी व सायंकाळी आपल्या कामात लक्ष घालतो, त्याचीच भरभराट होते, असे ते सांगतात. पुढे त्याचे तीन गुण येतात. तो चक्षुमान असतो, म्हणजे माल कितीला घेतला, कितीला विकला व त्यात काय उरले हे त्याला स्पष्ट दिसते. तो ‘विधुर’ असतो. हा पाली शब्द असून त्याचा अर्थ खरेदी-विक्रीत चतुर असा आहे. तिसरा गुण म्हणजे त्याला लोकांचा आधार असतो. हा माणूस घरसंसार चालवून घेतलेले पैसे वेळच्या वेळी परत करील, अशी खात्री असल्यामुळे धनिक स्वतःहून त्याला भांडवल देऊ करतात.

हिशेब, चातुर्य आणि विश्वास. धंद्याची योजना याहून वेगळी नाही.

आधी हिशेब

समजा, एका गटाने पाच किलो शेंगदाणा चटणी केली. कच्चा माल ८०० रुपये, गॅस व वीज १००, पिशव्या व लेबले १०० आणि ने-आण १००, असा खर्च ११०० रुपये झाला. किलोला २६० रुपयांप्रमाणे १३०० रुपये आले आणि २०० रुपये नफा झाला म्हणून सर्वांना आनंद वाटला. परंतु दोन भगिनी पाच-पाच तास राबल्या, त्याचे काय? दहा तासांचे दोनशे, म्हणजे तासाला वीस रुपये! हा नफा नव्हे, ही तर अर्धपोटी मजुरी. तोच भाव ३२० ठेवला तर ५०० रुपये उरतात. त्यातून ५० रुपये नमुन्याच्या पुड्या व जाहिरातीसाठी बाजूला काढले, तरी तासाला ४५ रुपये पडतात. घरच्या बाईचे श्रम फुकट धरणारा हिशेब आंबेडकरी घरात तरी होऊ नये.

चार दिवसांची विक्री, वर्षाचा खर्च

आपले विक्रेते १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर या दिवसांवर विसंबून असतात. दीक्षाभूमी व चैत्यभूमीवरील ग्रंथविक्री हा आपल्या समाजाचा मोठाच ठेवा आहे. पण मसाला, शिलाई किंवा चपला विकणाऱ्याचे पोट चार दिवसांवर कसे भरणार? म्हणून एका वहीत बारा महिन्यांची बारा पाने करावीत. उन्हाळ्यात लग्नसराई आणि मसाल्याची खरेदी, जूनमध्ये शाळेचे गणवेश, पुढे वर्षावास, त्यानंतर दिवाळीचा बाजार असतो. प्रत्येक पानावर तीन ओळी लिहाव्यात : या महिन्यात कोणाला गरज आहे, किती माल लागेल आणि त्यांना केव्हा कळवायचे. जूनचे गणवेश हवे असतील तर मे महिन्यातच पालकांना भेटले पाहिजे.

वहीच्या शेवटी उधारीचे पान हवेच. आपल्याच माणसाने आपल्याच दुकानात उधारी थकवायची आणि वर ‘आपले लोक धंद्यात टिकत नाहीत’ असे म्हणायचे, हे थांबले पाहिजे. रोख पैसे देऊन घेतलेली एक पुडी ही शंभर शुभेच्छांपेक्षा मोठी मदत आहे.

दर आठवड्याला चार ओळी

आता प्रश्न कळविण्याचा. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा ‘केसरी’ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला होता. आज व्हॉट्सअॅपचे धंद्यासाठीचे अॅप विनामूल्य मिळते व त्यात मालाची छायाचित्रे भावासह ठेवता येतात. साधन हाती आहे, पण त्यावर आपण सकाळी फुले आणि सुविचारच पाठवतो!

आमची सूचना साधी आहे. आठवड्याचा एक वार ठरवावा आणि त्या दिवशी चारच ओळी लिहाव्यात. पहिल्या आठवड्यात शेंगदाणे व मिरची कोठून आणली ते सांगावे. दुसऱ्यात चटणी किती दिवस टिकते व कशी ठेवावी ते लिहावे. तिसऱ्यात भाव व मागणीची शेवटची तारीख द्यावी. चौथ्यात गिऱ्हाइकाची तक्रार कोणती आली व तिचे काय केले, हेही मोकळेपणाने लिहावे. खोटी स्तुती नको आणि न विचारता कोणाला गटात ओढणे नको. महिनाअखेर नवे गिऱ्हाईक किती आले आणि जुने किती परतले, एवढे मोजावे. शाळेत शिकणाऱ्या मुलीने हे लिखाण हाती घेतले तर तिचेही शिक्षण होईल.

नावाचा प्रश्न

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी सांगतो. पुडीवर आडनाव टाकू नका, गिऱ्हाईक तुटेल, असा सल्ला आपल्या भगिनींना दिला जातो. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांनी शेअर्सच्या व्यवहारांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. परंतु त्यांची जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो बंद पडला. विद्वत्तेला जे चुकले नाही, ते चटणीच्या पुडीला कसे चुकेल?

परंतु बंद पुडीतील मालावर उत्पादकाचे नाव व पत्ता छापणे कायद्यानेच बंधनकारक आहे. आणि ज्या नावासाठी पिढ्या लढल्या, ते लपवून मिळविलेला पैसा मनाला लागत राहतो. यावर उपाय एकच, गिऱ्हाईक एका गल्लीत न ठेवता चार ठिकाणी पसरावे. मग एकाने पाठ फिरविली तरी चूल विझत नाही. सरकारी मागणीचेही दार ठोठवावे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांसाठी चार टक्क्यांचा वाटा ठेवलेला आहे. त्यासाठी लागणारी उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही.

कर्ज मिळाले म्हणजे धंदा उभा राहिला असे नव्हे. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा परत आले, म्हणजे धंदा उभा राहिला. तेव्हा येत्या रविवारी विहारातील वंदना आटोपल्यावर धंदा करणाऱ्या आपल्या कुटुंबांनी अर्धा तास एकत्र बसावे, एक वही उघडावी आणि तिच्या पहिल्या पानावर आपला खरा खर्च लिहावा.

जयभीम!