शहर वाचताना लागणारी धाप

चायना मिएव्हिल या ब्रिटिश लेखकाची ‘पर्डिडो स्ट्रीट स्टेशन’ ही कादंबरी २००० साली आली आणि पुढच्याच वर्षी तिला आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला. तरीही सहाशेहून अधिक पानांच्या या पुस्तकावर वाचकांचं एकमत झालेलं नाही. कुणी ते शंभराव्या पानावर मिटतं, कुणी पुन्हा पुन्हा उघडतं.

तक्रार एकच: फार दाट आहे. न्यू क्रोबुझोन या शहरात दोन मळक्या नद्या एकत्र येतात, एका वस्तीवर कुण्या अवाढव्य प्राण्याच्या बरगड्या उभ्या आहेत. भुंग्याचं डोकं असलेली लिन आपल्या लाळेतून शिल्पं घडवते. निवडुंगाच्या देहाची माणसं मजुरी करतात, पाण्याला आकार देणारे गोदी कामगार संप करतात. शिक्षा झालेल्यांच्या शरीरांना यंत्रं नाहीतर जनावरांचे अवयव जोडले जातात. कथानकाला वेग येतो तो बऱ्याच पानांनंतर, माणसांची जाणीव शोषणारे पतंग सुटतात तेव्हा.

तक्रार खरी आहे, पण ही दाटी मला आवश्यक वाटते. गल्ल्या ओळखीच्या झालेल्या असतात, म्हणून तर पतंगांची भीती अंगावर येते. नव्या गावात राहायला आल्यासारखं वाचावं. प्रत्येक शब्द अडवून त्याचा अर्थ विचारत बसू नये.

खरा वाद शेवटावरून होतो. यागारेक हा गरुड. हे नाव आपल्याला विष्णूच्या वाहनामुळे परिचयाचं; इथे मात्र तो वाळवंटातल्या पक्षिमानवांपैकी एक आहे. शिक्षा म्हणून त्याचे पंख कापलेत. आपल्याला पुन्हा उडता यावं, अशी गळ तो आयझॅक या शास्त्रज्ञाला घालतो. त्याचा गुन्हा कोणता, हे अखेरीस कळतं. त्याच्या समाजात त्या गुन्ह्याचा अर्थ आहे दुसऱ्याची निवड हिरावून घेणं. हे इतकं उशिरा सांगितल्यामुळे काही वाचकांना फसवल्यासारखं वाटतं.

मला तिथेच कादंबरीचं मोठेपण दिसतं. तोवर यागारेक आपला शेजारी झालेला असतो. परक्याला दोषी ठरवणं सोपं. ज्याच्यासोबत एवढं शहर तुडवलं, त्याचा न्याय करायचा तर जीव कासावीस होतो. ती कासाविशी सडपातळ पुस्तकाला साधली नसती.