परदेशी विद्यापीठातील भाषेची अट : हिंदी जरूर लिहा, पण मराठी आणि पाली गाळू नका

परदेशात पीएच.डी.साठी अर्ज करताना एक रकाना आपल्या अनेक विद्यार्थ्यांना अडवतो : इंग्रजीखेरीज कोणत्या भाषा येतात आणि कितपत येतात? अकोला-अमरावतीकडचा विद्यार्थी शाळेत हिंदी शिकलेला असतो आणि बाजारात, रेल्वेत, मित्रांमध्ये रोज हिंदी बोलत असतो. त्यामुळे हिंदी लिहून मोकळे व्हावे, असे त्याला वाटते. हे चालते का, असे आम्हाला विचारले जाते. बहुतेक ठिकाणी चालते. मात्र हा रकाना भरण्याआधी त्यामागचा हेतू समजून घ्यायला हवा. त्यात आपल्या चळवळीचाही प्रश्न गुंतलेला आहे.

ही अट नेमकी कशासाठी?

आयईएलटीएस किंवा टोफेल ही इंग्रजीची परीक्षा वेगळी. ती प्रवेशासाठी असते. आपण बोलतो आहोत ती अट संशोधनासाठी असते. अमेरिकेतील विद्यापीठांत इतिहास, धर्म अभ्यास, दक्षिण आशिया अभ्यास, काही ठिकाणी मानववंशशास्त्र अशा विभागांत पीएच.डी. करताना इंग्रजीव्यतिरिक्त एका किंवा अधिक भाषांचे ज्ञान दाखवावे लागते. मूळ कागदपत्रे, वृत्तपत्रे, ग्रंथ संशोधकाने स्वतः वाचावेत, दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबून राहू नये, हा त्यामागचा विचार. अभियांत्रिकी, विज्ञान, व्यवस्थापन या शाखांत सहसा अशी अट नसते.

नियम प्रत्येक विभागाचा वेगळा असतो. काही ठिकाणी मातृभाषा चालते, काही ठिकाणी चालत नाही. काही विभाग म्हणतात, भाषा कोणतीही असो, ती तुमच्या विषयाला उपयोगी असली पाहिजे. आपल्यासाठी हिंदी ही परकी भाषा नाही, हे खरे. पण तेथे मोजमाप इंग्रजीच्या बाहेरची भाषा असे असते, म्हणून हिंदी त्यात बसते. शिवाय हिंदी-उर्दू शिकवणारे प्राध्यापक तेथे पुष्कळ विद्यापीठांत आहेत, त्यामुळे परीक्षा घेणे विभागाला सोपे जाते.

बाबासाहेबांच्या वाट्याला आलेल्या भाषा

भाषेची निवड ही किरकोळ बाब नाही, हे बाबासाहेबांच्या शिक्षणातून दिसते. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि दुसरी भाषा म्हणून पर्शियन घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले. 1913 ला ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र यांच्या जोडीने त्यांनी प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचेही अभ्यासक्रम घेतले. 1921 मध्ये त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदवले. पुढे ते पालीकडे वळले. त्यांनी तयार केलेला पाली शब्दकोश आणि व्याकरण महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात छापलेले आहे.

एक भाषा जातीमुळे नाकारली गेली. बाकीच्या त्यांनी गरज ओळखून मिळवल्या. कोणत्या कामासाठी कोणती भाषा, हा प्रश्न आपणही स्वतःला विचारला पाहिजे.

हिंदी घेण्याची खरी कारणे

सोपी आहे म्हणून हिंदी घेऊ नका. तिच्यातून काय मिळते ते पाहून घ्या. लखनौच्या चंद्रिकाप्रसाद जिज्ञासू यांनी बहुजन कल्याण प्रकाशनाच्या माध्यमातून उत्तर भारतात बहुजन साहित्य लोकांपर्यंत नेले. स्वामी अछूतानंदांची आदि हिंदू चळवळ, ओमप्रकाश वाल्मीकींचे 'जूठन', हे सारे हिंदीत आहे. बौद्ध साहित्याचा तर मोठा ठेवा हिंदीत आहे. राहुल सांकृत्यायन यांनी मज्झिम निकाय हिंदीत आणला. भदंत आनंद कौसल्यायन यांनी जातककथा आणि बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हिंदीत आणला. कौसल्यायन यांनी वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीत काम केले आणि पुढे नागपुरात राहिले. म्हणजे ही परंपरा आपल्या विदर्भातलीच आहे. तुमचा विषय उत्तर भारतातील आंबेडकरी चळवळ किंवा नवयान बौद्धांचे साहित्य असा असेल, तर हिंदी ही तुमची संशोधनाची भाषा आहे.

पण परीक्षेला गाफील राहू नका. बोलता येणे वेगळे आणि छापील मजकूर वाचून त्याचे इंग्रजीत अचूक भाषांतर करणे वेगळे. मराठी विद्यार्थी नेमका ओळखीच्या शब्दांवर घसरतो. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आपल्याकडे दंड. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. हिंदीतला 'संसार' म्हणजे जग, आपला संसार घरातला. मराठीत तीन लिंगे आहेत, हिंदीत दोनच. त्यामुळे 'पुस्तक' तिथे स्त्रीलिंगी होते आणि 'घर' पुल्लिंगी.

मराठी हे आपले भांडवल

हिंदी लिहिताना अनेक जण मराठीचा उल्लेखच करत नाहीत. 'घरची भाषा, तिचे काय सांगायचे' असे त्यांना वाटते. ही मोठी चूक आहे. 'मूकनायक' (1920), 'बहिष्कृत भारत' (1927), 'जनता' (1930), 'प्रबुद्ध भारत' (1956) ही बाबासाहेबांची पत्रे मराठीत आहेत. सत्यशोधक साहित्य, जलसे, दलित आत्मकथने मराठीत आहेत. एलिनॉर झेलियट यांनी 1969 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आंबेडकर आणि महार चळवळीवर प्रबंध सादर केला. गेल ऑम्वेट यांनी 1973 मध्ये बर्कले येथे सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर पीएच.डी. केली. या दोघींना त्यासाठी मराठी शिकावी लागली. जी भाषा मिळवण्यासाठी परदेशी अभ्यासकांना वर्षे घालवावी लागतात, ती आपल्याला आईकडून मिळाली आहे. 'जनता'चा जुना अंक, आजीने पाठ केलेली भीमगीते, वऱ्हाडी बोलीतली साक्ष हे सारे भाषांतराशिवाय समजणारा संशोधक आपल्या घरातून निघू शकतो. अर्जात हे ठळकपणे लिहा.

पाली : आज सुरू केली तर

बौद्ध तत्त्वज्ञान किंवा इतिहासावर काम करायचे असेल, तर हिंदी पुरणार नाही, पाली लागेल. विहारात आपण त्रिसरण, पंचशील, वंदना पालीतच म्हणतो, पण अर्थ लावून वाचणारे थोडे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा जाहीर केला. त्याचा उपयोग व्हायचा असेल, तर वर्गात विद्यार्थी दिसले पाहिजेत. महाविद्यालयात पाली हा पर्याय असेल तर तो घ्या. नसेल तर विद्यार्थ्यांनी मिळून लेखी मागणी करावी. ज्या वर्गाला विद्यार्थी मिळत नाहीत, तो वर्ग बंद पडतो.

अर्जापूर्वी करायची कामे

1. ज्या विभागात अर्ज करायचा, त्याची पीएच.डी. नियमावली डाउनलोड करून भाषेची अट शब्दशः वाचा. मातृभाषा चालते का, परीक्षा कोणत्या वर्षापर्यंत द्यायची, शब्दकोश वापरता येतो का, हे पाहा.

2. शंका असेल तर विभागाला ईमेल करा. 'माझा विषय हा आहे, मला मराठी व हिंदी येते, पाली शिकतो आहे. यातील कोणती भाषा ग्राह्य धराल?' एवढे तीन ओळींत विचारा.

3. दहावी, बारावी, पदवीच्या गुणपत्रिकांत हिंदी असेल तर त्या जपून ठेवा. राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या परीक्षांची प्रमाणपत्रेही जोडा.

4. रोज एक पान हिंदी आणि एक पान मराठी इंग्रजीत भाषांतरित करा. सहा महिन्यांत फरक दिसेल.

5. शिष्यवृत्तीचे नियम विषय ठरवण्याआधी वाचा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या 2022 च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे आपल्याच इतिहासावर परदेशात संशोधन करायला निघालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यासाठी ती वाट बंद केली गेली. म्हणून राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे आणि त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या अर्थसाहाय्याचे नियमही सोबत तपासा.

आपला इतिहास लिहायला परदेशातून लोक आले, आपली भाषा शिकले, आणि त्यांनी चांगले लिहिले. त्यांचे ऋण आहेच. आता ते काम आपल्या मुलामुलींनी पुढे न्यायचे आहे. त्या रकान्यात हिंदी लिहा, तिच्या आधी मराठी लिहा, आणि पालीपुढे 'शिकत आहे' असे लिहिता यावे यासाठी या वर्षीच सुरुवात करा.

जय भीम! नमो बुद्धाय!