विविध भारती : संगीत-कार्यक्रमांच्या बदलत्या स्वरूपाचा इतिहास

प्रस्तावना :
व्यापारी नभोवाणीवर कोणते संगीत वाजावे, हे ठरविताना श्रोत्यांच्या आवडीइतकाच शासकीय धोरणाचा आणि जाहिरातींच्या उत्पन्नाचा वाटा असतो. आकाशवाणीची 'विविध भारती' ही सेवा याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या सेवेच्या संगीत-कार्यक्रमांतील स्थित्यंतरे व त्यांमागील कारणे यांचा थोडक्यात विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
१९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. नभोवाणी हे लोकशिक्षणाचे साधन असून तिने अभिजात संगीताचे संवर्धन करावे, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या काळात चित्रपटगीतांचे प्रमाण घटविण्यात आले. गीताबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरते, म्हणून ते वगळले गेले. यावरून निर्मात्यांशी वाद होऊन त्यांनी प्रक्षेपणाची परवानगीच काढून घेतली. श्रोत्यांची आवड मात्र बदलली नाही. ते रेडिओ सिलोनकडे वळले. डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झालेली अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि कोलंबोहून लघुलहरींवर प्रक्षेपित होई. निर्मिती, बाजारपेठ व श्रोते भारतातील, परंतु प्रक्षेपणाचे उत्पन्न सिलोनला, अशी ही विसंगती होती.

प्रारंभ व मूळ स्वरूप :
या स्पर्धेला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. आरंभीची दहा वर्षे ती जाहिरातविरहित होती. चित्रपटगीते हा तिचा कणा ठरला, तरी पूर्वीचा आदर्श सर्वस्वी टाकून दिला गेला नाही. 'संगीत सरिता' या कार्यक्रमाची रचना या दृष्टीने लक्षणीय आहे. त्यात रागाचा परिचय, त्या रागावर आधारलेले चित्रपटगीत आणि त्याच रागातील शास्त्रीय गायन वा वादन एकत्र येत. परिचित गीताच्या आधारे अपरिचित रागापर्यंत नेण्याची ही पद्धत म्हणजे धोरण व लोकरुची यांमधील समन्वय होय. सैनिकांसाठी 'जयमाला', जुन्या गीतांसाठी 'भूले बिसरे गीत' आणि निवेदकाच्या निवडीवर उभे असलेले 'छायागीत' यांतून श्रोतृवर्ग व प्रहर यांनुसार संगीताची विभागणी झालेली दिसते.

जाहिरातींचा प्रवेश :
१ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून प्रायोगिक स्वरूपात व्यापारी प्रक्षेपण सुरू झाले. चित्रपटाचे नावही ज्या आकाशवाणीला निषिद्ध वाटले होते, तिच्यावरून आता व्यापारी मालाच्या जाहिराती ऐकू येऊ लागल्या. सुमारे तीन मिनिटांचे गीत व दोन गीतांमधील अवकाश ही रचना जाहिरातींना सोयीची असल्याने चित्रपटगीतांचे स्थान अधिक बळकट झाले. १९८९ मध्ये गीतमालाही विविध भारतीवर आली आणि वर्तुळ पूर्ण झाले.

खासगी एफ.एम. केंद्रे :
२००१ मध्ये बंगळुरू येथे पहिले खासगी एफ.एम. केंद्र सुरू झाले. २००२ मध्ये मुंबईतही अशी केंद्रे आली. ठरावीक व दरवर्षी वाढणारे परवाना शुल्क भरणे त्यांना भाग होते. त्यामुळे बहुतेक केंद्रांनी मोठा श्रोतृवर्ग हमखास मिळवून देणारी नवी हिंदी चित्रपटगीतेच निवडली. केंद्रे वाढली, पण संगीतातील वैविध्य त्या प्रमाणात वाढले नाही. २००५ च्या धोरणात शुल्काची सांगड उत्पन्नाशी घालण्यात आली. तथापि जाहिरातींवरील अवलंबित्व कायम राहिले.

समारोप :
केवळ धोरणाने लादलेले संगीत श्रोत्यांनी नाकारले, तर केवळ बाजारपेठेने निवडलेले संगीत एकसुरी होत गेले. या दोहोंच्या दरम्यान विविध भारतीने जे साधले, त्यामागे सार्वजनिक निधी व संस्थात्मक स्थैर्य यांचा आधार होता. सार्वजनिक नभोवाणीला उत्पन्नाच्याच निकषावर तोलावयाचे ठरले, तर 'संगीत सरिता'सारख्या कार्यक्रमांचे भवितव्य काय, हा प्रश्न म्हणूनच संगीतरसिकांइतकाच शिक्षणक्षेत्राच्याही चिंतेचा ठरतो.