मुलांचे म्हणणे, मुलांच्याच भाषेत

आपल्या सीमाभागातल्या घरांत भाषांची वाण नाही. आजीशी मराठी, शाळेत कन्नड, ट्यूशनला इंग्रजी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुले तिन्हींत सहज वावरतात. पण कोणी नको तिथे हात लावला, तर ते सांगायला त्यांच्याकडे एकाही भाषेत शब्द नसतो. हात, पाय, नाक यांची नावे आपण कौतुकाने शिकवतो आणि पुढचा विषय 'शी!' म्हणून संपवतो. याबद्दल बोलायचे नसते, एवढेच मूल त्यातून शिकते.

गैरफायदा घेणारा बहुधा घरात येणारा-जाणाराच असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. त्यामुळे 'अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस' ही शिकवण अपुरी आहे. 'मामा असो, शेजारचे काका असोत की सर, नको वाटले तर नको म्हण आणि मला येऊन सांग', हे मुलीला सांगा, मुलग्यालाही सांगा. मराठीतले 'नको' आणि कन्नडमधले 'बेड' दोन्ही ठणकावून म्हणता आले पाहिजे.

मूल सांगू लागले, की मध्ये बोलू नका. 'तू तिथे गेलीसच कशाला?' हा प्रश्न तर नकोच. 'सांगितलेस ते बरे केलेस, तुझी काही चूक नाही', असे म्हणा. अत्याचार झाला असेल, तर आंघोळ न घालता, कपडे न धुता दवाखाना गाठा. गर्भधारणा व एचआयव्ही टाळणारी औषधे 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने उपचार मोफत केलेच पाहिजेत.

2012च्या पॉक्सो कायद्यातील कलम 26 आपल्या भागासाठी फार मोलाचे आहे. मूल जसे बोलते तसाच जबाब, आईवडील किंवा त्याच्या विश्वासातल्या व्यक्तीसमोर नोंदवायचा असतो. गरज पडल्यास दुभाषाही घेता येतो. ठाण्यातले लिखाण कन्नडमध्ये आणि मूल मराठी बोलणारे असेल, तर दुभाषा मागा. फिर्याद वाचून दाखवायला सांगा, तिची मोफत प्रत घ्या. घटना कोल्हापूरला घडली आणि घर निपाणीत असले, तरी जवळच्या ठाण्याने ती नोंदवायची असते. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद स्पष्ट आहे. मदतीसाठी 1098 हा क्रमांक आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

घराण्याच्या अब्रूसाठी असे प्रकरण पंचांपुढे मिटवणे हा उपाय नव्हे. पॉक्सोखालील गुन्हा माहीत असून न कळवणे हाही गुन्हाच आहे. मुलाचे नाव जाहीर करायला कायद्याने बंदी आहे. तीच बंदी आपण कट्ट्यावर आणि हळदीकुंकवालाही पाळायला हवी. मुलीला मावशीकडे धाडून शाळा बंद करू नका. तिचा डबा, तिची शाळा, तिच्या मैत्रिणी जिथल्या तिथे राहू द्या. खटला वर्षानुवर्षे चालेल; तिला आधार रोज लागणार आहे.